पाठ टेकवणारे

३१ मार्च १९८५. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन खच्चून भरलेलं. पहिल्या रेसलमेनियातली दुसरीच कुस्ती. एका बाजूला किंग काँग बंडी. गुळगुळीत टक्कल, काळा पोशाख, अंगापिंडाने असा की रिंगचा कोपरा त्याला पुरू नये. दुसऱ्या बाजूला एस. डी. जोन्स, अँटिगा बेटावरून आलेला, चाळिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा आणि गार्डनच्या प्रेक्षकांना वर्षानुवर्षं ओळखीचा. घंटा झाली. जोन्स पुढे धावला. बंडीने त्याला कवळ घालून कोपऱ्यात चेचलं, मग सगळ्या वजनानिशी त्याच्यावर आदळला आणि तो खाली कोसळल्यावर वरून अंग झोकून दिलं. एक, दोन, तीन. नऊ सेकंदांत निकाल लागल्याचं जाहीर झालं. टेप लावून घड्याळ धरलं तर वीस सेकंदांच्या वर जातात, पण नऊ हा आकडा जोन्सच्या नावाला कायमचा चिकटला.

त्या दिवशीचे बाकीचे आकडे आणि नावं सगळ्यांना पाठ आहेत. हल्क होगन आणि मिस्टर टी एका बाजूला, रॉडी पायपर आणि पॉल ऑर्नडॉर्फ दुसऱ्या बाजूला, पंचांमध्ये साक्षात महंमद अली, घंटा वाजवायला पियानोवाला लिबराची. होगन २०२५ च्या जुलैमध्ये गेला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी हीच यादी पुन्हा छापली, आणि ते योग्यच होतं. आमच्या लहानपणीचा तो सर्वांत मोठा गोरा माणूस होता. पण मला त्या आठवड्यात सारखा जोन्स आठवत राहिला. बंडी राक्षस आहे हे सगळ्या जगाला पटवायचं काम त्या दिवशी जोन्सच्या पाठीने केलं. तो नीट पडला नसता, तसा पुढे धावला नसता, तर बंडी हा फक्त एक जाडा माणूस उरला असता. ऐंशीच्या दशकातल्या त्या भडक, रंगीबेरंगी खेळावर मी आजही जीव टाकतो तो या पडणाऱ्यांमुळे. जिंकणाऱ्यांची पोस्टरं निघाली. त्यांना जिंकलेलं दाखवण्याची कला मात्र दुसऱ्यांच्याच अंगात होती.

*

आमच्याकडे ते सगळं उशिरा आणि उलटसुलट क्रमाने पोचलं. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आले, पाठोपाठ व्हीसीआर, आणि डोंबिवलीत गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ऱ्या निघाल्या. तिथे अमिताभ आणि मिथुन मिळत. कुस्ती मात्र आखातातून यायची. आमच्या मजल्यावरचे एक काका मस्कतला होते. ते सुट्टीवर आले की टँगचे डबे, साबण आणि अत्तराच्या बाटल्यांबरोबर दोनचार कॅसेटाही निघत. पट्टीवर बॉलपेनने नुसतं 'कुस्ती' लिहिलेलं. कॉपीवरून कॉपी काढलेली असल्याने रंग ओघळलेले, होगनच्या पिवळ्या चड्डीचा रंग कधी त्याच्या मांडीवर तर कधी दोरावर. ट्रॅकिंगचं बटण फिरवत बसायचं काम घरातल्या सगळ्यात लहान पोराकडे.

मोठ्या माणसांना हा प्रकार अगदीच परका नव्हता. मुंबईने खूप आधीच फ्री-स्टाइल पाहिली होती. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग लढायचा. त्याचा मोठा प्रतिस्पर्धी किंग काँग हा युरोपातून आलेला अवाढव्य माणूस होता, बंडीच्या कितीतरी आधीचा. १९६८ मध्ये दारासिंगने मुंबईतच लू थेझला हरवलं, तेव्हाही ट्रामच्या आणि लोकलच्या गर्दीतून वाढलेल्या त्या पिढीत 'खरं की नुरा' हा वाद रंगलेलाच होता. दारासिंग १९८३ मध्ये कुस्तीतून निवृत्त झाला आणि १९८७ मध्ये रविवारच्या सकाळी 'रामायण'मध्ये हनुमान होऊन घराघरांत आला. त्यामुळे आमच्या टीव्हीवर त्या काळी सकाळी हनुमान आणि दुपारी होगन अशी परिस्थिती असे, आणि आम्हा मुलांना त्यात काहीच विसंगत वाटत नसे.

माझे मोठे मामा सांगलीकडचे. तरुणपणी तालमीत राहिलेले, कोल्हापूरच्या खासबागेत बसून मोठमोठ्या कुस्त्या पाहिलेले. लाल मातीत ज्याची पाठ लागली तो चितपट, मग त्यावर चर्चा नाही, एवढा त्यांचा कायदा. ते आमच्याकडे आले असताना कॅसेट चालू होती. पायजम्याची नाडी आवळत ते मागे उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. पडद्यावर टोकदार, वर वळलेल्या बुटांचा, झुपकेदार मिशीचा एक टकला माणूस दोन्ही हातांत जाड लाकडी मुदगल घेऊन खांद्यावरून मागे फिरवत होता.

"ह्यो गडी कुठला रं?"

"इराणचा, मामा. व्हिलन आहे. आयर्न शेख."

"व्हिलन आसंल न्हाईतर कोन बी आसंल. ह्यो खरा पैलवान हाय. बाकीची समदी सोंगं."

मामांनी त्याची मान दाखवली, पाय रोवून उभं राहण्याची पद्धत दाखवली, मुदगल फिरवताना कंबर कशी जागेवर राहते ते दाखवलं. मग निघून गेले. होगनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मामांची नजर बरोबर होती हे पुढे वाचताना कळत गेलं. आयर्न शेख, म्हणजे हुसेन खोसरो अली वझिरी, हा इराणच्या दामगानचा. झूरखान्याच्या, म्हणजे तिथल्या तालमीच्या, परंपरेतून आलेला. ते मुदगल त्याच परंपरेतले, आपल्या आखाड्यातल्या मुदगलांचे सख्खे चुलतभाऊ. अमेरिकेत आल्यावर १९७१ मध्ये त्याने तिथल्या हौशी कुस्तीतलं ग्रीको-रोमन प्रकारातलं राष्ट्रीय सुवर्णपदक जिंकलं आणि १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या संघाचा तो सहायक प्रशिक्षक होता. त्यानंतर मिनेसोटात व्हर्न गॅन्यच्या शेतावरच्या कोठारात त्याने व्यावसायिक कुस्तीचं शिक्षण घेतलं. त्याच तुकडीत रिक फ्लेअर होता.

आता याच माणसाच्या वाट्याला आलेली भूमिका पाहा. १९७९ साली तेहरानमध्ये अमेरिकी दूतावासातले लोक ओलीस धरले गेले. त्याची जखम ताजी असताना इराणी माणूस म्हणून रिंगमध्ये उभं राहायचं, आपल्या देशाचा जयजयकार करायचा, अमेरिकेचं नाव घेऊन थुंकायचं. लोक अंगावर काय काय फेकत. ज्या देशाच्या पैलवानांना त्याने शिकवलं त्याच देशाचा द्वेष अंगावर घेणं हे त्याचं रोजचं काम झालं. जोडीला निकोलाय व्होल्कॉफ. तो रिंगमध्ये टोपी काढून सोव्हिएत राष्ट्रगीत म्हणायचा आणि सगळं सभागृह शिट्ट्या आणि शिव्यांनी भरून टाकायचं. प्रत्यक्षात तो क्रोएशियाचा, कम्युनिस्ट युगोस्लाव्हियातून पळून आलेला. पहिल्या रेसलमेनियात या जोडगोळीने जोडीचा किताब पटकावला तेव्हा आमच्या खोलीतली पोरंसुद्धा चिडली होती. वास्तविक डोंबिवलीला इराणशी किंवा रशियाशी काय वैर?

२६ डिसेंबर १९८३ रोजी शेखने बॉब बॅकलंडकडून जागतिक विजेतेपद घेतलं. त्याआधी टीव्हीवर त्याने बॅकलंडला मुदगल फिरवून दाखवण्याचं आव्हान दिलं आणि तो फिरवत असताना त्याच्यावर हल्ला केला, म्हणजे मान दुखावल्याची कथा आधीच रचली गेली होती. गार्डनमध्ये शेखने आपला कॅमल क्लच लावला, म्हणजे पालथ्या पडलेल्याच्या पाठीवर बसून हनुवटी मागे ओढायची. बॅकलंडने हार मानली नाही, त्याच्या व्यवस्थापकाने टॉवेल फेकला. चार आठवड्यांनी, २३ जानेवारी १९८४ ला, त्याच जागी होगन त्याच पकडीतून शेखला पाठीवर घेऊन उठला, कोपऱ्यावर आपटला आणि मांडी त्याच्या गळ्यावर टाकून जिंकला. सहा मिनिटांच्या आत खेळ संपला आणि एका अख्ख्या दशकाची सुरुवात झाली. शेख पुढे आयुष्यभर सांगत असे की होगनचा पाय मोडायला त्याला एक लाख डॉलर देऊ केले होते आणि त्याने ते नाकारले. हा किस्सा त्याच्याच तोंडचा आहे. पण रिंगमध्ये त्या रात्री खरा पैलवान कोण होता याबद्दल कुणालाच शंका नव्हती. मनात आणलं असतं तर शेखने होगनला तिथेच बसवला असता. त्याने मांडी गळ्यावर घेतली, पाठ टेकवली आणि तीन आकडे मोजू दिले. होगनयुग शेखच्या हातून सुरू झालं.

*

पडायचं कसं? रिंग टीव्हीवर गादीसारखी दिसते. खाली लोखंडी सांगाडा असतो, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर पातळसा थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. शिकाऊ पोराला पहिले काही आठवडे बाकी काही शिकवत नाहीत, फक्त पडायला लावतात. हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोक्याची मागची बाजू आपटत नाही. आदळायच्या क्षणी श्वास सोडायचा. पाठीचा वरचा भाग एकाच वेळी सपाट टेकला पाहिजे, आणि दोन्ही तळहात बाजूला फटकन आपटायचे, त्याने धक्का पसरतो आणि आवाजही होतो. त्या आवाजाने शेवटच्या रांगेतला माणूस खुर्चीवरून उठतो. कोपर टेकलं तर कोपर जातं. कंबर आधी टेकली तर कंबर जाते. हे रोज रात्री, वेगळ्या गावात, वर्षातले बहुतेक दिवस. 'खोटं आहे' म्हणणाऱ्या माणसाला घरातल्या फरशीवर एकदा तसं पडायला सांगावं असं मला मनापासून वाटतं.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे दुसऱ्याला सांभाळणं. उचललेल्या माणसाची मान ही उचलणाऱ्याच्या हवाली असते. कॅनडातल्या कॅलगरीच्या आपल्या बापाच्या तळघरात घडलेला ब्रेट हार्ट पुढे मोठा विजेता झाला. तो किताबांइतक्याच अभिमानाने सांगतो की इतक्या वर्षांत माझ्या हातून समोरच्याला कधी गंभीर दुखापत झाली नाही.

आणि हे सगळं बरंचसं आयत्या वेळी. कोण जिंकणार, कसा जिंकणार, साधारण किती मिनिटं, एवढं आधी ठरलेलं. मधला सगळा खेळ दोघं रिंगमध्येच जमवत जायचे. कानाशी तोंड नेऊन पुढचा डाव सांगायचा, हात दाबून 'ठीक आहेस ना' विचारायचं, पंचाने वेळ संपत आल्याचं हळूच कळवायचं. कोकणात दशावतार पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. रंगपटात आख्यान ठरतं, राजा कोण, राक्षस कोण ते ठरतं, आणि मग रात्रभर संवाद मंचावरच सुचत जातात. पखवाज आणि झांजेच्या तालावर तलवारीचं युद्ध रंगतं तेव्हा राक्षस किती वेळ उभा राहतो आणि किती ताकदीने कोसळतो यावर देवाची उंची ठरते. तिथल्या जाणत्या प्रेक्षकांना संकासुराची आणि दैत्याची कामं करणारे नट नावानिशी ठाऊक असतात. अमेरिकेतल्या कुस्तीला असा जाणता प्रेक्षक उशिरा लाभला. ऐंशीच्या दशकात बहुतेक लोक नायकाच्या नावानेच तिकीट काढत.

तरीही काही खलनायकांनी लोकांना आपल्याकडे पाहायला लावलंच. स्कॉटिश घागरा घालून बॅगपाइपच्या सुरांत येणारा रॉडी पायपर हा मूळचा कॅनडाचा. 'पायपर्स पिट' या त्याच्या मुलाखतींच्या कार्यक्रमात १९८४ मध्ये त्याने फिजीच्या जिमी स्नुकाच्या डोक्यावर नारळ फोडला. केळी, अननस, नारळ टेबलावर मांडलेले. पायपर भरभर बोलत जातो, बोलता बोलता आवाज बदलतो, आणि स्नुका काही कळायच्या आत मागच्या पडद्यासकट आडवा होतो. आम्ही ते इतक्या वेळा मागेपुढे करून पाहिलं की टेप तिथेच चिरकायला लागली.

मागेपुढे करण्यासारखं आणखी एक प्रकरण म्हणजे ५ फेब्रुवारी १९८८ चं. होगन विरुद्ध आंद्रे द जायंट, एनबीसीवर थेट प्रक्षेपण, अमेरिकेत तीन कोटींहून जास्त प्रेक्षक. होगनचा खांदा स्वच्छ वर आहे आणि तरी पंच तीन मोजतो. होगन वळतो तर रिंगमध्ये तोच पंच दुसऱ्यांदा उभा. डिट्टो तसाच. टेड डिबियासी या करोडपती खलनायकाने पैसे चारून कुणाला तरी शस्त्रक्रियेने पंचाचा चेहरा करून दिला, अशी कथा. खरं तर ते हेब्नर आडनावाचे जुळे भाऊ होते. डबल रोलवर वाढलेल्या आमच्या देशाला ही युक्ती घरची वाटली. पण दोघं पंच एकाच चौकटीत कॅमेऱ्याच्या करामतीशिवाय उभे आहेत, या गोष्टीने आम्ही वेडे झालो होतो.

*

या सगळ्यात मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली कुस्ती २९ मार्च १९८७ ची. मिशिगनमधलं पाँटिअॅकचं सिल्व्हरडोम. ९३,१७३ प्रेक्षक असल्याचं रेसलमेनिया भरवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं. या आकड्यावर अभ्यासक आजही भांडतात. रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट, पंधरा मिनिटांच्या आत संपलेली.

सॅव्हेज म्हणजे चकाकते झगे, फाटलेल्या घोगऱ्या आवाजातलं बोलणं, आणि शेजारी शांत, सुंदर मिस एलिझाबेथ. काही महिन्यांपूर्वी त्याने स्टीमबोटचा गळा कठड्यावर चेचून वर घंटेने मारल्याची कथा होती, म्हणून स्टीमबोट बदला घ्यायला आलेला. बाकीचे गडी रिंगमध्ये सुचेल तसं करत असताना सॅव्हेज मात्र कागदावर एकेक हालचाल क्रमांक घालून लिहीत असे. स्टीमबोटने पुढे सांगितलं आहे की या कुस्तीच्या आधी दोघं एकमेकांची तोंडी परीक्षा घेत, तू सत्तावीस नंबर सांग, पुढचे मी सांगतो. बाप कुस्तीगीर, स्वतः आधी बेसबॉलमध्ये धडपडलेला; सॅव्हेजला आयुष्यात मिळालेली ही संधी कशाच्याही भरवशावर सोडायची नव्हती.

पाहताना त्याचा मागमूस लागत नाही. स्टीमबोट सॅव्हेजला दोन्ही हातांनी गळ्याला धरून दोरापाशी उचलतो तेव्हा सॅव्हेजचे पाय हवेत वेडेवाकडे हलतात, बोटं स्टीमबोटच्या मनगटावर रुतलेली असतात, डोळे बाहेर आलेले. हे जमवायला सॅव्हेजलाच आपलं वजन तोलून धरावं लागतं. पुढे स्टीमबोट एकामागून एक दाबायचा प्रयत्न करतो आणि सॅव्हेज प्रत्येक वेळी शेवटच्या क्षणी खांदा उचलतो, आणि दर वेळी वेगळ्या तऱ्हेने. एकदा पाय झाडून, एकदा कसाबसा कूस बदलून, एकदा जणू झोपेतून दचकून. त्या लागोपाठच्या प्रयत्नांत सभागृहाचा आवाज चढत जातो आणि तो चढवणारा माणूस खाली पडलेला आहे. अखेर सॅव्हेज घंटा घेऊन वरच्या दोरावर चढतो, स्टीमबोटच्या बाजूने आलेला केसाळ जॉर्ज स्टील त्याला ढकलून देतो आणि स्टीमबोट त्याची गुंडाळी करून जिंकतो. सॅव्हेजचा किताब गेला. लोकांनी मात्र त्या दिवसापासून सॅव्हेजला डोक्यावर घ्यायला सुरुवात केली, आणि वर्षभरात तो जागतिक विजेता झाला.

त्याच संध्याकाळी शेवटी होगन आणि आंद्रे. कुस्ती म्हणून ती फार काही नाही, हे मी आंद्रेचा भक्त असूनही सांगतो. आंद्रे रूसिमॉफ हा फ्रान्सच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. शरीराची वाढ न थांबवणाऱ्या आजाराने त्याला राक्षस केलं आणि त्याच आजाराने हळूहळू मोडलं. १९८७ पर्यंत पाठीची शस्त्रक्रिया झालेली, पोशाखाखाली पट्टा. नीट पाहिलं तर तो बराच वेळ दोराला धरून उभा आहे. चालतानाही जमेल तिथे तो दोर सोडत नाही. आणि तरी होगनने उचलावं म्हणून त्याने आपलं ते सगळं वजन, ती दुखरी पाठ त्याच्या हातात दिली.

पंधरा वर्षं अजिंक्य आणि कधीही न उचलला गेलेला माणूस अशी त्याची जाहिरात केली गेली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या. खुद्द होगननेच १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्याला उचलून आपटलं होतं, तेव्हा होगन खलनायक होता. लोक ते विसरले, कारण आंद्रेने यावेळी ते असं घडवलं की जणू पहिल्यांदाच घडतंय. आपल्यामागे हा धंदा कुणीतरी चालवायचा आहे आणि तो कुणी चालवायचा हे आपण ठरवू शकतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. १९९३ च्या जानेवारीत वडिलांच्या अंत्यविधीसाठी तो फ्रान्सला गेला आणि तिथेच पॅरिसमध्ये झोपेत गेला. वय ४६.

*

हे सगळं मला प्रिय आहे, म्हणूनच त्यातली वाईट बाजू बोलून टाकायला हवी. त्या रंगीत सोंगांमध्ये काही सोंगं घाण होती. मिसिसिपीच्या जेम्स हॅरिसला युगांडाचा रानटी माणूस 'कमाला' करून अंगावर रंग फासून नाचवलं. डिबियासीच्या मागे नोटा मोजत, बूट पुसत फिरायला व्हर्जिल नावाचा काळा नोकर दिला. आम्ही मुलं हसत होतो. आता त्या टेपा लावल्या की हसू येत नाही, आणि हॅरिसचं अंग किती चपळ होतं तेवढंच पाहत राहतो.

बायकांना तर पडण्याचा निर्णयही विचारला गेला नाही. वेंडी रिक्टर १९८४ मध्ये गायिका सिंडी लॉपरच्या साथीने एमटीव्हीवर जिंकली तेव्हा ती होगनच्या बरोबरीने लोकप्रिय होत होती. मोबदल्यावरून तिचं कंपनीशी बिनसलेलं होतं. २५ नोव्हेंबर १९८५ ला गार्डनमध्ये तिच्यासमोर 'स्पायडर' नावाची मुखवट्यातली बाई उभी केली. ती प्रत्यक्षात जुनी विजेती फॅब्युलस मूला होती. रिक्टरने खांदा उचलला तरी पंचाने तीन मोजून टाकले. तिने तिथेच मूलाचा मुखवटा ओरबाडला, मग कुस्तीच्या पोशाखातच टॅक्सी करून थेट विमानतळ गाठला. पडणारा आणि पाडणारा यांच्यातल्या विश्वासावर उभा असलेला हा धंदा, आणि तो विश्वास वरच्या लोकांनीच असा विकला.

पुरुषांचेही हाल कमी नव्हते. कंपनीच्या लेखी हे सगळे स्वतंत्र कंत्राटदार. ना संघटना, ना निवृत्तिवेतन. जेसी व्हेंच्युरा, जो पुढे मिनेसोटाचा गव्हर्नर झाला, त्याने संघटना काढायचा प्रयत्न केला आणि तो बारगळला. उत्तेजकांनी फुगवलेली शरीरं, वेदनाशामक गोळ्या, रात्रभर गाडी चालवणं. त्या काळातल्या खेळाडूंच्या मृत्यूंची वयं वाचली की पोटात खड्डा पडतो. ब्रिटिश बुलडॉग्ज जोडीतला डायनामाइट किड, लँकाशरचा टॉम बिलिंग्टन, त्याच्याइतकं सुंदर आणि जिवावर उदार होऊन पडणारं माणूस मी पाहिलेलं नाही. वरच्या दोरावरून तो असा झोकून द्यायचा की खाली काय आहे याची फिकीरच नसावी. १९८६ च्या डिसेंबरमध्ये त्याची पाठ गेली आणि आयुष्याची शेवटची वीसेक वर्षं त्याने चाकाच्या खुर्चीत काढली. रिंगबाहेर तो सहकाऱ्यांशी क्रूरपणे वागत असे, हेही तितकंच खरं.

आणि हे सगळं ठरवून चालतं या गुपितासाठी केलेला त्याग? १९८७ च्या मे महिन्यात न्यू जर्सीच्या हमरस्त्यावर पोलिसांनी एक गाडी अडवली. आत आयर्न शेख आणि जिम डगन. रिंगमध्ये एकमेकांचे हाडवैरी, अमेरिकेचा झेंडा नाचवणारा डगन आणि अमेरिकेच्या नावाने थुंकणारा शेख, एकाच गाडीत. गाडीत अमली पदार्थ सापडले, पण त्यांपेक्षा हा गुन्हा मोठा ठरला. दोघांनाही काढून टाकलं. पुढे दोन वर्षांत, १९८९ मध्ये, त्याच न्यू जर्सी राज्यात कंपनीने सरकारदरबारी स्वतःहून सांगितलं की हा खेळ नाही, मनोरंजन आहे, म्हणून क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर आम्हाला लावू नका. ज्या गोष्टीसाठी शेख आणि डगन यांनी नोकरी गमावली ती गोष्ट मालकांनी कर वाचवण्यासाठी कागदावर लिहून दिली.

*

१९९१ नंतर स्टार टीव्ही आला, केबलवाल्याने गच्चीवरून वायर टाकली, आणि कॅसेटांचं महत्त्व संपलं. मग कुस्तीगिरांच्या ट्रम्प कार्डांचं पेव फुटलं. रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप. शाळेच्या मागच्या बाकावर ही पत्ती खेळून किती पोरांनी अंगठे धरले असतील. १९९६ मध्ये 'खिलाडियों का खिलाडी'त अक्षय कुमारने अंडरटेकरला हरवलं तेव्हा तो खरा अंडरटेकर नव्हे यावर कॉलेजच्या कट्ट्यावर हमरीतुमरी झाली. तो ब्रायन ली होता.

त्या पत्त्यांच्या गठ्ठ्यात मी एस. डी. जोन्सचं पान खूप शोधलं. नव्हतं. हरणाऱ्यांची पानं छापत नसत, आणि रँकमध्ये त्यांना ठेवणार तरी कुठे?

म्हणून बॅरी हॉरोविट्झबद्दल सांगतो. फ्लोरिडाचा, कुस्तीच्या तंत्रात पक्का मुरलेला गडी. १९८७ पासून शनिवार-रविवारच्या कार्यक्रमांत त्याचं काम एकच, मोठ्या नावांकडून हरायचं. हे काम नीट येणारे थोडेच असतात. नवख्या धटिंगणाला सांभाळून घ्यायचं, त्याचा चुकलेला डावही बरोबर दिसेल असं पडायचं, आणि तीन-चार मिनिटांत तो पुढच्या महिन्यातल्या मोठ्या कुस्तीला लायक आहे असं लोकांना पटवायचं. हॉरोविट्झ एखादा डाव जमला की उजवा हात खांद्यावरून मागे नेऊन स्वतःचीच पाठ थोपटायचा. जॅकेटच्या पाठीवर हाताचा पंजाच रंगवून घेतलेला. वर्षानुवर्षं तो असा पाठ थोपटत आला आणि त्याच पाठीवर पडत गेला.

१९९५ च्या जुलैत स्किप नावाचा एक पिळदार, मिजासखोर कुस्तीगीर त्याला हरवण्याच्या बेतात होता. त्याची चेष्टा करायला म्हणून स्किप जोर मारायला लागला. हॉरोविट्झने मागून त्याला गुंडाळलं. एक, दोन, तीन. निवेदक जिम रॉस ओरडत सुटला. प्रेक्षकांत बसलेल्या लोकांना पहिले काही क्षण आपण काय पाहिलं ते कळेना आणि मग सगळे उभे राहिले. पुढच्याच महिन्यात पिट्सबर्गला समरस्लॅममध्ये, कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमांपैकी एकात, त्याला पुन्हा स्किपविरुद्ध उतरवलं आणि तो पुन्हा जिंकला. यावेळी लोक त्याच्या नावाने ओरडत होते, आणि तो पाठ थोपटत होता.